जर्मनीतलं स्थलांतर आणि ‘इंटिग्रेशन’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१३ साली नवऱ्याच्या ब्लू कार्डामागोमाग, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराला मिळणाऱ्या परवान्यामागोमाग, मी श्टुटगार्टला आले. तेव्हापासून फोनवर, कोजागिरीच्या दुधाभोवती, सुट्टीत पुण्याला गेलं की लग्नाच्या पंगतीत, मला तेच ते प्रश्न विचारले जातात. निम्मे व्हिसाचे असतात. उरलेले मथळे वाचून आलेले : जर्मनी निर्वासितांनी बुडतेय का, आता आपल्या लोकांना हाकलणार का, आणि ते ‘इंटिग्रेशन’, म्हणजे इथल्या समाजात मिसळून जाणं, नक्की काय असतं? एकदाची उत्तरं लिहून ठेवते. पगाराच्या मर्यादा आणि व्हिसाच्या रकमा दरवर्षी बदलतात, त्या वकिलातीच्या संकेतस्थळावरच बघा. इथे मी मागची गोष्ट सांगणार आहे. ती कळली की नियमांचा तिरपागडेपणा बराचसा उलगडतो.

आम्हाला आजच्या नियमांशी मतलब. तुम्ही दर वेळी १९५५पासून का सुरुवात करता?

कारण आजचे बहुतेक घोळ तेव्हाचे आहेत. युद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने धडाक्यात सुरू झाले आणि माणसं कमी पडली. १९५५ साली इटलीशी कामगार भरतीचा करार झाला. १९६०मध्ये स्पेन आणि ग्रीस, १९६१मध्ये तुर्कस्तान, पुढे मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि १९६८मध्ये युगोस्लाव्हिया. या लोकांना नाव दिलं ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणे कामगार. पाहुण्याला खाणीत उतरवायचं आणि गाड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला उभं करायचं, हा पाहुणचार आपल्या कल्पनेत बसत नाही. पण शब्द विचारपूर्वक निवडलेला होता. पाहुणा परत जातो.

इस्तंबूलमध्ये जर्मन भरती कार्यालय होतं. तिथे उमेदवारांचे दात, लघवी, फुप्फुसं सगळं तपासत, पुष्कळदा गटागटाने कपडे उतरवून. निवड झाली की सिरकेजी स्थानकातून रेल्वेने थेट म्युनिक, ११ नंबरचा फलाट. फलाटाखाली युद्धकाळातलं तळघर होतं. तिथे जेवण देऊन, कारखान्यांप्रमाणे वाटण्या करून माणसं पुढे पाठवली जात. १९६४ साली दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून एका पोर्तुगीज सुताराचं कोलोन-डॉइट्स स्थानकावर बँड लावून स्वागत झालं आणि त्याला मोपेड भेट मिळाली. तो फोटो इथल्या शाळेच्या पुस्तकांत असतो. मोपेड मिळाली, पण भाषेचा वर्ग मिळाला नाही. कोणालाच मिळाला नाही. थोड्याच दिवसांत जाणाऱ्या माणसाला जर्मन शिकवून काय करायचं?

मग ते परत का गेले नाहीत?

बरेचसे गेले. १९७३पर्यंत साधारण १ कोटी ४० लाख लोक आले आणि त्यांतले सुमारे १ कोटी १० लाख परतले. हा आकडा कोणी सांगत नाही.

राहिलेल्यांची गोष्ट मात्र खुद्द सरकारनेच घडवली. तुर्कस्तानशी झालेल्या मूळ करारात मुक्कामाची मर्यादा दोन वर्षांची होती. पण शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी घालवायचा आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, हे कारखानदारांना परवडेना. त्यांच्याच आग्रहामुळे १९६४ साली ती अट गेली. पुढे १९७३ साल आलं, तेलाचं संकट आलं, आणि २३ नोव्हेंबरला सरकारने भरती बंद केली. गरज सरो, वैद्य मरो. पण झालं उलटंच. तोवर लोक गावी जाऊन वर्ष-दोन वर्षांनी परत येऊ शकत होते. आता गेलं की दार कायमचं बंद. तेव्हा जे इथे होते ते घट्ट बसले आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. स्थलांतर थांबवायला काढलेल्या हुकुमाने तात्पुरत्या कामगारांची कायमची कुटुंबं केली. युरोपातल्या स्थलांतर धोरणातला कोणताही नवा ‘कडक निर्णय’ वाचला की मला हाच हुकूम आठवतो.

१९८३ साली परत जाणाऱ्याला १०,५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागे १,५०० मार्क देऊ केले. काही गेले. त्यांना तुर्कस्तानात ‘अल्मान्जी’ म्हणू लागले, म्हणजे जर्मनीवाले. इकडे परके, तिकडेही परके.

म्हणजे तुर्कांनीच मिसळून घेतलं नाही, हे खरं नाही?

हा प्रश्न मला मराठी माणसांकडून जितका येतो तितका जर्मनांकडूनही येत नाही. खरं-खोटं दोन्ही आहे. तिसऱ्या पिढीतही घरात फक्त तुर्की चॅनेल, लग्नासाठी मुलगी गावाकडून, हे आहे. पण दुसरी बाजू अशी की १९१३चा नागरिकत्व कायदा रक्तावर चालायचा. कझाकस्तानात जन्मलेला, जर्मन धड न बोलणारा माणूस पूर्वज जर्मन म्हणून येताच नागरिक व्हायचा. कोलोनमध्ये जन्मलेली, कोलोनची बोली बोलणारी तुर्की मुलगी मात्र परदेशी. जन्माने नागरिकत्व १ जानेवारी २०००पासून आलं, तेही आई किंवा वडील आठ वर्षं कायदेशीर राहत असतील तर. ‘जर्मनी हा स्थलांतरितांचा देश नाही’ असं सरकारं जवळजवळ विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत म्हणत राहिली. घर तुमचं नाही असं चाळीस वर्षं सांगायचं आणि मग भिंतीला रंग का दिला नाही म्हणून विचारायचं, असा हा प्रकार आहे.

पूर्व जर्मनीत तर आणखी वाईट होतं. व्हिएतनाम आणि मोझांबिकहून कंत्राटावर आणलेले कामगार वेगळ्या वसतिगृहांत ठेवत. बाई गरोदर राहिली तर गर्भपात किंवा परतीचं विमान. देश एक झाल्यावर १९९२च्या ऑगस्टमध्ये रोस्टॉकच्या लिश्टेनहागेन भागात जमावाने व्हिएतनामी लोक राहत असलेल्या इमारतीला आग लावली आणि बघे टाळ्या वाजवत होते. १९९३मध्ये झोलिंगेनला तुर्की कुटुंबाचं घर जाळलं, पाच मुली-बायका गेल्या. २०२०मध्ये हानाऊ इथे नऊ जणांना वंशद्वेषातून गोळ्या घातल्या. त्यांतले बरेच जर्मनीतच जन्मलेले होते. ‘मिसळत नाहीत’ म्हणताना हेही सोबत ठेवावं लागतं.

भारतीयांचा संबंध कधीपासून?

आयटीपासून, असं सगळे समजतात. पण साठच्या दशकात केरळच्या ख्रिस्ती मुली चर्चमार्फत इथल्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून आल्या होत्या. सत्तरच्या दशकात परवाने वाढवून न मिळाल्याने त्यांतल्या अनेकींना परतावं लागलं. त्याच परिचारिका आज जर्मनी पुन्हा केरळात शोधतेय.

आयटीचं पर्व २००० साली सुरू झालं. चान्सलर श्रोडर यांनी संगणक तज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ काढलं, २० हजारांपर्यंत परवाने, जास्तीत जास्त पाच वर्षं. नाव अमेरिकेचं, मुदत पाहुण्या कामगारांची. त्याच वर्षी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत ख्रिश्चन डेमोक्रॅट नेते युर्गेन र्‍युटगर्स यांच्या प्रचाराशी एक घोषणा जोडली गेली : ‘किंडर श्टाट इंडर’. इंडर म्हणजे भारतीय. अर्थात, भारतीय आणण्यापेक्षा आपल्या पोरांना शिकवा. ते निवडणूक हरले, पण यमक लोकांच्या लक्षात राहिलं. ‘आम्ही शिकलेले, आमच्याबद्दल कोणी असं बोलत नाही’ म्हणणाऱ्यांना मी ही घोषणा ऐकवते.

पुढे २०१२मध्ये ब्लू कार्ड, २०२०मध्ये कुशल कामगार कायदा आणि जून २०२४पासून ‘शान्सनकार्टं’, म्हणजे नोकरी हातात नसताना गुणांच्या हिशेबाने येऊन ती शोधायची मुभा. ऑक्टोबर २०२४मध्ये तर सरकारने भारतासाठी खास धोरण मांडलं आणि भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेऊ म्हटलं. इथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांतही भारतीय आता पहिल्या क्रमांकावर आहेत, २०२३-२४मध्ये सुमारे ४९ हजार.

२०१५ साली मेर्केलबाईंनी दारं उघडली, तिथून सगळं बिघडलं ना?

दारं उघडली हे पूर्ण खरं नाही. ती बंद केली नाहीत. शेंगेन करारामुळे सीमा आधीच उघड्या होत्या. डब्लिन नियमानुसार निर्वासिताने ज्या देशातून युरोपात पाय ठेवला तिथेच अर्ज करायचा असतो. म्हणजे नकाशा बघितला तर ग्रीस आणि इटलीच्या डोक्यावर सगळा भार, आणि मध्ये बसलेला जर्मनी सुखात. ती व्यवस्था २०१५च्या उन्हाळ्यात कोसळली. तेव्हाच्या चान्सलर मेर्केल ३१ ऑगस्टला ‘विर शाफेन डास’, म्हणजे ‘आपण हे निभावून नेऊ’ म्हणाल्या. त्या वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार लोक आले.

नंतरचं काम कसं चाललं ते फारसं कोणी बघत नाही. आलेल्यांची वाटणी ‘क्योनिगस्टाइन सूत्रा’ने झाली : दोन तृतीयांश वजन राज्याच्या करउत्पन्नाला, एक तृतीयांश लोकसंख्येला. त्यामुळे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाला पाचवा हिस्सा, ब्रेमेनला जेमतेम एक टक्का. वाटणी न्याय्य खरी, पण नोकऱ्या कुठे आहेत याचा त्या सूत्रात पत्ताच नाही. ज्या गावात माणूस पाठवला तिथे काम नसेल, दिवसातून चार बस जात असतील, तरी राहायचं तिथेच. २०१६च्या कायद्याने निर्वासित म्हणून मान्यता मिळाल्यावरही काही वर्षं त्याच राज्यात राहणं बंधनकारक झालं. हेतू हा की सगळ्यांनी बर्लिनच्या एकाच वस्तीत गर्दी करू नये. परिणाम हा की काम मिळायला उशीर.

तरी दहा वर्षांत २०१५ साली आलेल्यांपैकी कामाच्या वयातले जवळजवळ दोन तृतीयांश लोक नोकरीला लागले. पुरुषांचं प्रमाण चांगलंच वर आहे, बायकांचं फार खाली. इथल्या परदेशी डॉक्टरांत सर्वांत मोठा गट आज सीरियन आहे. डिसेंबर २०२४मध्ये सीरियाचे हुकूमशहा असाद सत्तेवरून गेल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ‘आता सीरियन परत पाठवा’ असं राजकारणी म्हणू लागले, आणि रुग्णालयांच्या संघटना घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. १९६४च्या कारखानदारांची आठवण यावी तशा.

युक्रेनवाल्यांना वेगळा नियम का?

२००१पासून कागदावर पडून असलेला युरोपीय संघाचा तात्पुरत्या संरक्षणाचा नियम मार्च २०२२मध्ये पहिल्यांदा वापरला गेला. त्यात आश्रयाचा अर्ज नाही, मुलाखत नाही, काम करायची परवानगी लगेच. दहा लाखांहून अधिक युक्रेनियन जर्मनीत आले. सीरियनांना जे महिनोन्‌महिने मिळालं नाही ते यांना स्थानकावर उतरताच मिळालं. म्हणजे करता येत होतं.

आश्रयार्थी, निर्वासित, स्थलांतरित : फरक काय?

अर्ज केला तो आश्रयार्थी, मान्य झाला तो निर्वासित, कामाला किंवा शिकायला आपणहून आला तो स्थलांतरित. चौथा प्रकार बातम्यांत येत नाही : अर्ज फेटाळला, पण पासपोर्ट नाही, आजार आहे किंवा मायदेश परत घेत नाही म्हणून पाठवताही येत नाही. अशांना ‘डुल्डुंग’ देतात, म्हणजे काही महिन्यांपुरतं सहन करणं. तो परवाना नसतो, हद्दपारी पुढे ढकलल्याची चिठ्ठी असते. अशा चिठ्ठीवर माणसं दहा-दहा वर्षं काढतात. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच.

इंटिग्रेशन कोर्समध्ये काय शिकवतात?

२००५ साली, म्हणजे पहिल्या इटालियन कामगारानंतर बरोबर ५० वर्षांनी, जर्मनीने परदेशी लोकांना पद्धतशीर जर्मन शिकवायचं ठरवलं. ६०० तास भाषा, बी१ पातळीपर्यंत (भाषेच्या पातळ्या ए१पासून सी२पर्यंत चढत जातात, बी१ मधली). मग १०० तास इतिहास, कायदा, समाज. शेवटी ३३ प्रश्नांची परीक्षा. ३१० प्रश्नांचा संच आधीच खुला असतो, घोकून जाता येतं, आपल्या लोकांना यात काही शिकवायला नको.

मी केला. माझ्या वर्गात मंदीतून पळालेली एक स्पॅनिश नर्स होती, लग्न करून आलेली कोसोव्होची मुलगी होती आणि एक सीरियन फार्मसिस्ट. खरं शिक्षण मधल्या सुट्टीत झालं, कारण आमची सामाईक भाषा मोडकं जर्मन हीच होती. नवरा ऑफिसात इंग्रजीत जगत होता. वर्षभरात फोनवर भांडण्याइतकं जर्मन मला यायला लागलं आणि घरातली सत्ता पालटली.

ब्लू कार्ड आहे, ऑफिस इंग्रजीत चालतं. जर्मन कशाला?

कायद्याचं उत्तर : बी१ असेल तर ब्लू कार्डावर २१ महिन्यांत कायम परवाना मिळतो, नुसतं ए१ असेल तर २७. नागरिकत्वाला बी१ लागतंच.

माझं उत्तर जरा टोचेल. मुंबईत राहायचं तर मराठी आलंच पाहिजे, असं ठणकावणारे आपण. आणि तेच आपण जर्मनीत आठ वर्षं राहून ‘इथे सगळ्यांना इंग्लिश येतं’ म्हणतो. सगळ्यांना येत नाही. बालवाडीच्या बाईंना, वरच्या मजल्यावरच्या आजींना, नोकरी गेली तर बेकारी कार्यालयातल्या माणसाला येत नाही. २०२४पासून गाड्यांच्या उद्योगात कपातीच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा श्टुटगार्टमधल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॅप गट एकदम जर्मनच्या क्लासची चौकशी करू लागला.

नवऱ्याबरोबर येणाऱ्या बायकोचं काय?

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला यायच्या आधी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि आल्याबरोबर काम करता येतं. इतर बऱ्याच व्हिसांवर २००७पासून ए१ आधी द्यावं लागतं. सवलत चांगली वाटते, पण तिचा तोटा मी भोगला आहे. एक शब्द न येता उतरले. पुण्यात आठ वर्षं नोकरी केलेली बाई, आणि ब्रेडच्या दुकानात बोट दाखवून वस्तू घेतेय. बरोबरच्या कितीतरी जणी अशाच : आर्किटेक्ट, दंतवैद्य, प्राध्यापिका. सरकारी आकडेवारीत आम्ही यशस्वी गटात मोडतो, कारण भारतीयांचं सरासरी वेतन इथे जर्मनांहूनही वर आहे. त्या आकड्यात घरी बसलेली दंतवैद्य दिसत नाही. निर्वासित बायकांना काम मिळत नाही यावर परिषदा भरतात, आमच्यावर नाही. येण्याआधी मायदेशात निदान ए२ करून या. पहिला कौटुंबिक परवाना मिळाला की इंटिग्रेशन कोर्सचा हक्क असतो, तो विचारून घ्या. आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

माझी पदवी चालेल का?

इंजिनिअरला फारसा त्रास नाही. विद्यापीठ सरकारी माहितीकोशात मान्य दिसलं की बहुधा झालं. खरी कसोटी डॉक्टर आणि परिचारिकांची. त्यांचे व्यवसाय कायद्याने नियंत्रित आहेत. परिचारिकेला साधारण बी२ जर्मन आणि अभ्यासक्रमाची तुलना. काही कमी भरलं तर रुग्णालयात शिकाऊ कालावधी किंवा परीक्षा. तोवर पगार मदतनिसाचा. डॉक्टरला सी१ पातळीची वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा. शिवाय हे सगळं राज्याराज्याच्या अखत्यारीत, त्यामुळे एकाच कॉलेजच्या दोन मैत्रिणींना दोन राज्यांत वेगळी उत्तरं मिळतात. माझ्या ओळखीच्या एकीची फाइल एका कार्यालयात चौदा महिने होती, आणि चौदाव्या महिन्यात पत्र आलं की जन्मदाखल्याचं भाषांतर जुनं झालंय.

महाराष्ट्र सरकारच्या जर्मनी योजनेत नाव नोंदवू का?

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग (श्टुटगार्ट ज्याची राजधानी ते राज्य) यांच्यात कुशल मनुष्यबळाचा सामंजस्य करार झाला. १० हजार जणांचं उद्दिष्ट जाहीर झालं, परिचारिकांपासून इलेक्ट्रिशियन आणि चालकांपर्यंत. संबंध जुनेच आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत.

नोंदवा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. करार झाला म्हणजे व्हिसा झाला असं नाही. आयटीआयच्या प्रमाणपत्राची इथल्या साडेतीन वर्षांच्या कारागीर प्रशिक्षणाशी तुलना होते. आपला वाहन परवाना इथे बस चालवायला चालत नाही. सगळ्यांत मोठी अडचण भाषेची, आणि जर्मन बी१ दोन महिन्यांत होत नाही, सहा-आठ महिने रोज बसावं लागतं. आणि ‘आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्या दलालापासून चार हात लांब राहा.

मुलांची शाळा?

इथे पालकांची झोप उडते. चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात : विद्यापीठाकडे नेणारी गिम्नाझियम, किंवा व्यवसाय शिक्षणाकडे नेणाऱ्या शाळा. बर्लिनमध्ये हे सहावीनंतर होतं. शिक्षकांच्या शिफारशीला वजन असतं. पाहुण्या कामगारांची पोरं याच चाळणीत अडकली. घरी जर्मन नाही, अभ्यास घ्यायला कोणी नाही, त्यामुळे हुशार असूनही खालच्या शाळेत. २००१च्या डिसेंबरमध्ये पिसा, म्हणजे देशोदेशींच्या शाळकरी मुलांची तुलना करणाऱ्या चाचणीचे निकाल लागले तेव्हा जर्मनीला धक्का बसला : आईबापांची परिस्थिती आणि मुलाचे गुण यांचं नातं इतकं घट्ट दुसऱ्या क्वचितच देशात होतं. त्यानंतर बालवाडीपासून भाषा शिकवायला जोर आला. म्हणून मूल तीन वर्षांचं झालं की ‘किटा’त, म्हणजे इथल्या बालवाडीत, घाला, घरी आजी असली तरी.

आणि घरी मराठीच बोला. मोडक्या जर्मनपेक्षा मुलाला धड मराठी बरी, असं इथल्या बालवाडीच्या बाईंनीच मला सांगितलं.

घर मिळताना नाव बघतात का?

बघतात. २००६पासून भेदभावविरोधी कायदा आहे, पण ‘दुसऱ्याला दिलं’ या उत्तराविरुद्ध सिद्ध काय करणार?

घर मिळालं की इंटिग्रेशनची खरी परीक्षा सुरू होते. तिला आमच्या श्टुटगार्टकडच्या श्वाबेन भागात ‘केरवोखं’ म्हणतात. पहिली दोन अक्षरं मराठी कानाला लगेच कळतात. ज्याच्या दारावर पाटी लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना, तळघर, पुढचा रस्ता झाडायचा. एका शनिवारी मी विसरले. पाटी तशीच राहिली आणि तिच्यामागे शेजारीण. तिचं म्हणणं मला त्या वेळी निम्मंच कळलं.

नागरिकत्व घ्यावं का?

२७ जून २०२४पासून आठऐवजी पाच वर्षांत अर्ज करता येतो आणि जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही. विशेष मिसळून गेलेल्यांना तीन वर्षांत देण्याची सोय होती, ती नव्या सरकारने ऑक्टोबर २०२५मध्ये काढून टाकली. आपल्याला दुहेरीचा उपयोग नाही, कारण भारत ते मानत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय जमा करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यायचं. ओसीआयवर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली चालते. गावाकडे आठ एकर आहेत आणि आणखी दोन घ्यायची इच्छा आहे, असे बरेच जण या एका कलमापायी अडून बसलेत. मीही त्यांतलीच.

त्याच २०२४च्या कायद्यात एक छोटी तरतूद आहे. जून १९७४पर्यंत आलेल्या पाहुण्या कामगारांना लेखी परीक्षा माफ, रोजच्या बोलण्यापुरतं जर्मन आलं की पुरे. तोपर्यंत त्यांतले धाकटेही सत्तरीला टेकले होते.

आता एएफडी वाढलीय. आपल्याला घालवतील?

फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत या कडव्या उजव्या, स्थलांतरविरोधी पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, दुसरा क्रमांक. पूर्वेच्या थ्युरिंगेन राज्यात त्याआधीच पहिला. मत देणाऱ्यांना फक्त निर्वासित नकोत आणि आयटीवाले हवेत, असं आपल्याकडे समजतात. ट्राममध्ये कोणी पगाराची स्लिप विचारत नाही. बाकी पक्षही कडक झालेत : मे २०२५पासून सीमेवर आश्रयार्थी परत पाठवणं सुरू झालं, आणि २०२४ला मंजूर झालेला युरोपीय संघाचा नवा स्थलांतर करार २०२६च्या जूनपासून लागू होण्याचं ठरलं, त्यात सीमेवरच झटपट निकाल आहेत. पण कामगार भरतीचा दरवाजा कोणत्याच सरकारला बंद करता येत नाही, कारण युद्धानंतरच्या मोठ्या पिढ्या आता निवृत्त होतायत. एका हाताने ढकलायचं, दुसऱ्याने बोलवायचं. हे असंच चालेल असं मला वाटतं.

दुसऱ्या देशांत बरं आहे का?

डेन्मार्कमध्ये २०१८च्या कायद्याने ठरावीक वस्त्यांतल्या मुलांना पहिल्या वाढदिवसापासून आठवड्याला २५ तास पाळणाघर सक्तीचं आहे. आणि हे डाव्या बाजूच्या सोशल डेमोक्रॅट्सनाही मान्य आहे. फ्रान्स लोकांचा वंश मोजतच नाही, सगळे फ्रेंच. २००४पासून सरकारी शाळेत हिजाब-पगडीला बंदी. भेदभाव किती हे मोजायचीही मग सोय राहत नाही. बरं कुठेच नाही, वेगवेगळं आहे.

गणपती बसवता येतो का?

येतो. मोठ्या शहरांत मंडळं आहेत, ढोल-ताशाही वाजतो. रात्री दहानंतर आवाज नको आणि नदीत विसर्जन परवानगीशिवाय नको. आम्ही शाडूची मूर्ती बाल्कनीत बादलीत विसर्जित करतो. गेल्या वर्षी आरतीच्या आवाजाने खालची शेजारीण वर आली, तीच, केरवोखंवाली. मोदक खाल्ला, कशाचा केलाय विचारलं. जाताना म्हणाली की या आठवड्यात पाटी तुमच्या दारावर आहे, आणि जिन्यात दूर्वा पडल्या आहेत.